समुद्राचं पाचट

आमच्या शाळेची सहल दर वर्षी समुद्रावर जायची आणि दर वर्षी समुद्राकडे पाठ करून बसायची. याला कारण आमचे जीवशास्त्राचे सर.

सर सहलप्रमुख असायचे. मी बसमध्ये भेंड्या खेळवायला आणि घाटात कुणाला ओकारी आली की लिंबू पुढे करायला. मराठीच्या शिक्षकाचा सहलीत याहून जास्त उपयोग नसतो असं सरांचं मत होतं, आणि आठ-नऊ सहली केल्यावर माझंही तेच झालं.

आमची शाळा मंचरच्या पलीकडे, उसाच्या आणि कांद्याच्या मुलखात. सर अवसरी बुद्रुकचे, मी डिंगोऱ्याचा. एसटी पहाटे निघायची, माळशेज उतरायची आणि जेवणवेळेला किनाऱ्यावर पोचायची. बस थांबली की मुलं पाण्याकडे सुटायची. बहुतेकांनी समुद्र टीव्हीतच पाहिलेला. ती वाळूवर निम्म्यात पोचतात न पोचतात तोच सरांची शिट्टी वाजायची.

“रेघ वलांडायची न्हाई.”

रेघ म्हणजे भरतीचं पाणी मागे हटताना वाळूवर जे टाकून जातं त्याची ओळ. काळपट तपकिरी शेवाळ, सुरूच्या काड्या, नारळाची सोडणं, तुटकं जाळं, खेकड्याचे सुटे पाय, मधेच एखादी चप्पल. किनाऱ्यावर आलेला शहाणा माणूस नाक धरून ही ओळ ओलांडतो आणि पाण्यात जातो. सर तिथेच उकिडवे बसायचे. मुलांना दोन्ही बाजूंनी पंगतीसारखं बसवायचे आणि म्हणायचे, “हं. आता जेवनाऱ्यांकडं बघा.” मग शेवाळाचा एक झुबका हलक्या हाताने उचलायचे. खालून तांदळाएवढे किडे लाह्यांसारखे उडायचे. मुलं मागे सरकायची, पुन्हा पुढे यायची. बघून झालं की सर तो झुबका होता तसाच, त्याच कुशीवर, परत ठेवायचे. उलटा ठेवला तर ओलीत राहणारे किडे उन्हात येतात, हे त्याचं कारण. वहिनींची, म्हणजे सरांच्या बायकोची, तक्रार होती की दारातलं पायपुसणं झटकून उलटं टाकलं तरी सर वाकून ते सुलटं करतात आणि खाली कोण राहतंय ते आधी बघतात.

रेघा खरं तर दोन असायच्या. खालची त्याच सकाळच्या भरतीची, ओली, माश्यांनी भरलेली. वरची गेल्या अमावास्येच्या उधाणाची, वाळून कुरकुरीत झालेली. खालच्या रेघेत किडे, आणि किड्यांवर टपलेल्या चिखल्या, म्हणजे चिमणीहून जरा मोठे, सारखे पळत सुटणारे पक्षी. वरच्या रेघेत उडती वाळू अडकायची, शेवाळ कुजून त्या वाळूला कस यायचा, आणि तिच्यात मर्यादवेल मूळ धरायची. ती वेल वाळू बांधून ठेवते म्हणून मागची टेकाडं जागेवर राहतात आणि टेकाडं राहतात म्हणून मागची सुरूची झाडं आणि गाव. हे सगळं सर सांगायचे आणि मग विचारायचे, “आता ह्ये शेवाळ उचललं तर?”

मुलं त्या झुबक्याकडे बघायची.

“उसाचं पाचट पेटवलं तर रानाचं काय व्हतं?”

हे मात्र त्यांना ठाऊक असायचं. ऊस तुटून गेला की मागे राहिलेला वाळका पाला आमच्याकडे सर्रास पेटवतात. कुणीतरी म्हणायचं, “गांडूळ मरतंय सर. जमीन कडक व्हती.”

“मंग. ह्ये समुद्राचं पाचट हाय.”

एवढ्यावर धडा संपायचा. पाण्यात कधी जायचं, असं एखादी धीट मुलगी विचारायची. सर शांतपणे सांगायचे, “रेघ सरली की.” रेघ तीन-चार किलोमीटर लांब असायची.

सहलीचा अहवाल मी लिहायचो, सही सर करायचे. पहिल्या वर्षी मी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांनी अथांग सागराचे मनोहर दर्शन घेतले.’ सरांनी ते वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘पंधरा मिनिटे. तेही लांबून.’ त्यांना खोटं बोलताच येत नसे असं नाही. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना ते ठोकून द्यायचे. पण कागदावर नाही. हजेरीपटावर आम्ही सगळे साडेदहा लिहून मोकळे व्हायचो. सर दहा तेहेतीस लिहायचे, आणि मग हेडमास्तर आमच्या साडेदहाकडे संशयाने बघायचे. सही केली की त्या वाक्याचं पालकत्व आपल्याकडे आलं, असं ते म्हणायचे. शाळेचा क्लार्क त्यांच्या टेबलावर कागद ठेवून आधी चहा पिऊन यायचा, कारण सर मागची बाजूही वाचत.

परतीच्या बसमध्ये दोन पोती असायची. एकात मुलांनी वेचलेल्या चपला, बाटल्या, औषधाच्या कुप्या, लायटर, नायलॉनची जाळी. हे भंगारवाल्याकडे जायचं. दुसऱ्यात शेवाळ. “पान्याचं पान्याला, मानसाचं पोत्यात,” असं दिवसभर मुलांना बजावणारा माणूस स्वतः पाण्याचं पोतंभर घरी न्यायचा. मी हे एकदा बोलून दाखवलं.

“अभ्यासाला हाय,” सर म्हणाले.

“एवढं?”

“अभ्यास लई हाय.”

कल्याण ओलांडलं की एसटीचा ड्रायव्हर नाक वर करून वास घ्यायचा. “मास्तर, मागं काय मेलंय का?” सर म्हणायचे, “मेलं न्हाई पावणं, जेवतंय.” एका वर्षी त्याने सगळ्या काचा उघडायला लावल्या आणि डिसेंबरच्या थंडीत पन्नास मुलं आणि मी तसेच माळशेज चढून आलो. सर मागच्या सीटवर पोत्याला टेकून झोपले होते.

ते शेवाळ सरांच्या अंगणात एका पसरट पत्र्याच्या टाकीत पडायचं. कोणते किडे आधी येतात, कोणते नंतर, पाला किती दिवसांत काळा पडतो, याच्या नोंदींच्या वह्या होत्या. आता गावाकडच्या माश्या आणि समुद्रावरच्या माश्या यांत फरक असणारच. पण सरांना तोच फरक बघायचा होता. शेजारपाजारचे तो महिना खिडक्या लावून राहायचे. वहिनी कपडे गच्चीवर वाळत घालायच्या. त्या फार बोलायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, “एकदा हेडमास्तर व्हा. मंग घरात अख्खा समुद्र आणा, मी काय म्हननार न्हाई.”

हे वाक्य मी त्यांच्या ओट्यावर चहा पिताना किमान वीस वेळा ऐकलं असेल. वहिनींचे वडील हेडमास्तर होते, थोरल्या बहिणीचा नवरा हेडमास्तर होता. आमच्या भागात ‘सरांची बायको’ आणि ‘हेडमास्तरीणबाई’ या दोन वेगळ्या जाती आहेत. हळदीकुंकवाला एकीला सतरंजीवर जागा मिळते, दुसरीला खुर्ची. वहिनींनी तीस वर्षं सतरंजीवर काढली होती, अंगणातला वास सोसून.

सरांनाही ते पद हवं होतं, हे सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल की असल्या वल्लीला कशाचीच आस नसते. शाळेच्या मालकीचा दीड एकर ऊस आहे. तोड झाली की संस्थेचे अध्यक्ष दर वर्षी त्याचं पाचट पेटवतात. धूर सरळ नववीच्या वर्गात येतो. “हेडमास्तर झालो,” सर म्हणायचे, “की त्या दीड एकरातली एक काडी पेटवून देनार न्हाई. दोनच वर्षं मिळत्यात. पन दोन वर्षांत रान दिसंल पोरांना.” आमचे त्या वेळचे हेडमास्तर मे महिन्यात निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेत पहिले सर, त्यांच्यानंतर मी. सगळं सरळ होतं.

आणि त्याआधीच्या डिसेंबरात अध्यक्षांना उपक्रम सुचला.

अध्यक्ष वाईट माणूस नाही. स्वतः ऊस बागायतदार. शाळेची प्रयोगशाळा त्यांनीच बांधून घेतली, गरिबाच्या पोराची फी ते गुपचूप भरतात. पण त्यांच्या मोबाईलवर सकाळी जे येतं ते संध्याकाळपर्यंत शाळेत राबवलं जातं. त्यांना कुणीतरी किनारा स्वच्छ करणाऱ्या मुलांचा व्हिडिओ पाठवला. “नुसती सहल नको,” ते मीटिंगमध्ये म्हणाले, “आपली पोरं समुद्र साफ करतील.” सर उभे राहिले आणि म्हणाले, प्लॅस्टिक वेचू, शेवाळाला हात लावायचा नाही. अध्यक्ष म्हणाले, “बरं बरं.” ज्या बैठकीत अध्यक्ष दोनदा बरं म्हणतात तिथे तो विषय मंजूर झालेला नसतो. हे मला माहीत होतं. सरांना माहीत नव्हतं, कारण इतिवृत्तात त्यांनी ‘बरं बरं’ असंच लिहून घेतलं होतं.

सहलीच्या दिवशी एसटीच्या पोटात चाळीस दाताळी होती. उसाचं पाचट ओढायची, लोखंडी दातांची, अध्यक्षांच्या शेतावरची. अध्यक्ष स्वतःच्या गाडीने आले, सोबत फोटोग्राफर आणि बॅनर. तिथल्या गावचे सरपंचही हार घालून घ्यायला आले होते. सर मुलींना घेऊन किनाऱ्याच्या लांबच्या टोकाला गेले होते. एका वाहून आलेल्या रबरी चपलेवर शिंपल्यासारखे बारीक प्राणी वस्ती करून बसले होते, ते मोजायचं काम चाललं होतं. अलीकडच्या टोकाला अध्यक्ष, मुलगे, चाळीस दाताळी आणि मी.

आता आमच्या मुलखातल्या पोराच्या हाती दाताळं द्या आणि समोर विखुरलेला पाला ठेवा, मग त्याला थांबवणं देवालाही जमत नाही. कुणी शिकवावं लागत नाही. वीस मिनिटांत दोन्ही रेघा गोळा झाल्या. वरची, खालची, मर्यादवेलीची कोवळी टोकंसुद्धा. अर्ध्या किलोमीटरमध्ये नऊ ढीग, एका ओळीत, एका उंचीचे, जणू शिवारातच. चिखल्या उडून कुठे गेल्या कळलं नाही. वाळू शाळेच्या पटांगणासारखी साफ दिसत होती. अध्यक्षांना खरंच समाधान वाटलं. माणूस अशा वेळी पुढचं पाऊल सवयीने टाकतो. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

मी शेजारीच उभा होतो. सरांनी आठ-नऊ वर्षं जे शिकवलं ते मला पाठ होतं. मी एवढंच म्हणालो, “साहेब, ओलं आहे, पेटणार नाही बहुतेक.” याहून जास्त मला बोलवलं नाही. मे महिना मलाही दिसत होता, पण तेव्हा मी स्वतःला सांगितलं की अध्यक्षांपुढे कोण बोलणार.

लांबून सर येताना दिसले. ते धावले नाहीत. शाळेच्या मागच्या फाटकातून येतात त्याच चालीने आले. ढिगाजवळ पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या, आणि सगळ्यांत मोठ्या ढिगावर चढून मांडी घालून बसले. ढीग फस्सकन थोडा खाली गेला.

अध्यक्ष काडेपेटी हातात धरून उभे. “सर, उठा.”

“बसतो जरा.”

“आवो, कचरा हाय तो. पेटवायचाय.”

“कचरा त्या तिकडं पोत्यात हाय साहेब. पोरींनी आल्यापास्नं गोळा केलाय. ह्यो कचरा न्हाई. ह्यो चारा हाय.”

“कुनाचा चारा?”

सरांनी वाकून स्वतःच्या मांडीखाली बघितलं. “सध्या मी ज्येंच्यावर बसलोय त्येंचा.”

एव्हाना किडे सरांच्या पायजम्यावरून उड्या मारत अध्यक्षांच्या पांढऱ्या कपड्यांपर्यंत पोचले होते. पोरं हसली. सरपंच हसले. आणि फोटोग्राफरने, त्याला त्याचं काम होतं, फोटो काढला. अध्यक्ष पोरांच्या हसण्याने लाल झाले नाहीत, सरपंचाच्या हसण्याने झाले. परगावच्या माणसापुढे मान जाणं आमच्याकडे फार मनाला लागतं.

मग सरांनी बसल्या जागेवरून शिट्टी वाजवली आणि पोरांना सांगितलं की जिथलं उचललं तिथं परत पसरा, ओलं खाली, वाळलेलं वर. दोन तास लागले. अध्यक्ष न जेवता गाडीत बसून निघून गेले. फोटोग्राफरला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो द्यायचे होते. त्याने ते दिले. दोन्हीत किनारा तसाच होता, फक्त नंतरच्या फोटोत पोरं दमलेली दिसत होती.

सरांचा ढिगावरचा फोटो संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. कुणी खाली लिहिलं, ‘मास्तर उपोषणाला बसले.’ कुणी लिहिलं, ‘बाबा प्रसन्न.’ जुन्नरपासून लोणीपर्यंत लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी फोटो बघितला आणि त्या दिवसापासून सरांशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण शब्द नाही. पोळी हवी का, हेसुद्धा ताटाकडे बघून समजून घ्यायच्या.

जानेवारीत अध्यक्षांनी आधी मला बोलावलं. म्हणाले, “त्येंनी लेखी माफी मागितली तर ठीक. न्हाईतर हेडमास्तर तुमी. तयार हाय ना?”

मी म्हणालो, “संस्था म्हणेल तसं.”

हे वाक्य मी आजवर अनेक सत्कारांत ऐकलं आहे आणि दर वेळी मला ते विनम्र वाटत आलं. तोंडून काढताना ते कसं लागतं हे त्या दिवशी कळलं. तरी काढलं.

सरांना माफीचं सांगितलं तेव्हा त्यांनी खरोखर न समजून विचारलं, “कशाबद्दल?” अध्यक्ष म्हणाले, मग पद नको म्हणून लिहून द्या. तसं लिहून घ्यावंच लागतं. ज्येष्ठ शिक्षकाने स्वतःच्या सहीने नकार दिल्याशिवाय त्याच्या खालच्याला शिक्षण खात्याची मान्यता मिळत नाही. सर बरं म्हणाले. एकदाच म्हणाले. आणि सरळ माझ्याकडे आले.

प्रयोगशाळेत मधल्या सुट्टीत आम्ही दोघंच होतो. “नकारपत्र लिहा,” ते म्हणाले. “तुमचं मराठी चांगलं हाय.”

“सर, तुम्ही हे करू नका,” मी म्हणालो. म्हणालो खरं. पण पेनाचं टोपण काढता काढता म्हणालो.

मी पत्र लिहिलं. माझ्या हातून ते चांगलंच उतरलं. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे मुख्याध्यापकपदाची जबाबदारी पेलणे मला शक्य नाही, सबब मी स्वेच्छेने…’ वगैरे. सरांनी वाचलं आणि ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, ‘मी समुद्रावरील शेवाळ जाळू दिले नाही. त्याचा मला खेद नाही. माफी मागणार नाही.’ पुन्हा पूर्ण पत्र स्वतःच्या अक्षरात उतरवलं आणि क्लार्ककडे दिलं.

तिसऱ्या दिवशी क्लार्क परत घेऊन आला. असलं कारण फाईलला लावता येत नाही. वर गेलं तर चौकशी लागेल, संस्थेवर ठपका येईल आणि दोन्ही सरांचं अडकेल. तो ‘दोन्ही सरांचं’ म्हणाला, पण बघितलं माझ्याकडे. सर तेव्हा सूक्ष्मदर्शक पुसत होते.

“तुमची मान्यता अडकंल?” त्यांनी मला विचारलं.

 नाही म्हणता आलं असतं. अडकू द्या, म्हणता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“तुमचं ते पयलं द्या हिकडं,” सर म्हणाले. मी ते फाडलं नव्हतं. खाडाखोड नसलेल्या दोन प्रती करून मी त्या नीट घडी घालून खिशात ठेवल्या होत्या. त्या काढताना माझी मला लाज वाटली. सरांनी या वेळी मागची बाजू वाचली नाही. पुढचीही नाही. दोन्हींवर सही केली, खाली तारीख घातली, एक क्लार्कला दिली आणि दुसरी आपल्या खिशात ठेवली.

जूनपासून मी हेडमास्तर झालो. सर मला ‘सर’च म्हणत, जसे आधी म्हणत. हजेरीपटावर दहा तेहेतीस लिहीत, आणि आता ते तपासायचं काम माझं होतं. समुद्राची सहल संस्थेने बंद केली. आता आम्ही वॉटर पार्कला जातो, तिथे वाळूही नसते. पहिल्या हंगामात शाळेचा ऊस तुटला तेव्हा अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे पाचट पेटवलं. मला विचारायची रीतही त्यांनी पाळली, आणि मी हो म्हणालो. धूर माझ्या ऑफिसात आला म्हणून मी खिडकी लावली. संध्याकाळी प्रयोगशाळेपाशी गेलो तर सर टेबलावर पडलेली काळी राख ओल्या फडक्याने टिपत होते. आम्ही वेळापत्रकाबद्दल बोललो.

त्याच सुमारास वहिनी ऑफिसात आल्या. मी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. सरांच्या जुन्या कोटाच्या खिशात सापडलेली नकारपत्राची प्रत.

“ह्ये खरं हाय?” त्यांनी विचारलं. “ह्येंना विचारलं तर म्हनत्यात, सही माझीच हाय. दुसरं काय बोलत न्हाईत. प्रकृती म्हंजी काय झालंय ह्येंना?”

मी कागदाकडे बघत होतो. शब्द माझेच होते, अक्षरही माझंच.

“मी वरीसभर बोलले न्हाई त्येंच्याशी,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, त्या घानीपायी पद घालवलं. आजारी मानसाशी मी बोलले न्हाई. तुमी त्येंच्याजवळचे. खरं सांगा सर, काय हाय ते.”

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. तुमच्या नवऱ्याला काही झालेलं नाही, हे मी लिहिलं आणि मीच त्या खुर्चीत बसलोय. माझ्या मागे भिंतीवर हेडमास्तरांच्या नावांचा फलक होता, त्यात शेवटचं नाव माझं, ताज्या रंगाचं.

“काही विशेष नाही वहिनी,” मी म्हणालो. “बीपी आहे थोडं.”

“डाक्टर काय म्हनला?”

“मीठ कमी करायला सांगितलंय.”

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि माझे आभार मानले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी डबा उघडला, पहिला घास खाल्ला, थोडं थांबले, आणि बाकीचा डबा रोजच्यासारखा संपवला. त्यांनी मला काही विचारलं नाही. घरी बोलणं सुरू झालं एवढं मात्र त्यांनी आपणहून सांगितलं. “काल आमी दोघं भाजी आनायला गेलो व्हतो,” असं म्हणाले आणि वर्गावर गेले.

सर निवृत्त झाले त्याला आता चार वर्षं झाली. निरोप समारंभात मी मुख्याध्यापक या नात्याने बोललो. भाषण चांगलं झालं असं सगळे म्हणतात. सरांना मी अजून अधूनमधून भेटायला जातो. गेल्या महिन्यात गेलो तर वहिनींनी जेवायलाच बसवलं. पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी. दोन वेगवेगळ्या पातेल्यांतून वाढलं. माझी भाजी एका पातेल्यातली, सरांची दुसऱ्या. मी चुकून सरांच्या ताटातल्या भाजीचा घास घेतला. तिला चव म्हणून नव्हती.

“पाच वर्सं झाली, चिमूट न्हाई घालत मी,” वहिनी समाधानाने म्हणाल्या. “बघा तब्येत कशी हाय. तुमी त्या दिवशी सांगितलं म्हनून. न्हाईतर ह्यो मानूस काय बोलनार व्हता?”

सरांची तब्येत पहिल्यापासून माझ्यापेक्षा बरी होती. ते मान खाली घालून जेवत होते, भाकरीचा तुकडा मोडून त्या भाजीत फिरवत.  पाच वर्षं रोज दोन वेळा हा माणूस माझं एक वाक्य गिळत होता. आता मात्र सांगून टाकायचं, असं मी ठरवलं आणि हातातली भाकरी खाली ठेवली.

“वहिनी, खरं सांगायचं तर त्या वेळी—”

सरांनी वर न बघता मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

“घ्या सर,” ते म्हणाले. “तुमाला चालतंय.”